मोहिमेची वही

आमची १८०३ची मोहीम अजून चालू आहे. नाशिकच्या इंदिरानगरात रथचक्र चौकाजवळच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर ती सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे शाळकरी होतो. नेपोलियनच्या काळातले युद्धखेळ खेळणारे बहुतेक ऑस्टर्लिट्झ नाहीतर वॉटर्लू मांडतात. आम्ही त्याच काळातली, पण आपल्या मुलखातली मोहीम निवडली. एका बाजूला आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले. नगरपासून गाविलगडापर्यंतचा नकाशा, बोटाच्या पेराएवढे सैनिक, फासे. पंच मी, म्हणून वही माझ्याकडे.

पहिल्या वहीत नुसते लढायांचे निकाल होते. कुठली पलटण कुठे आहे, तिच्याजवळ दारूगोळा किती उरला, धान्याचे बंजारी तांडे किती मुक्काम मागे आहेत, असे कुणी विचारले की सगळी पाने चाळावी लागत. रविवार कारंजावरच्या एका पेढीवर आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या आजोबांनी ते पाहिले आणि मला रोजकीर्द आणि खतावणी शिकवली. दिवसभरात घडेल ते कीर्दीत. खतावणीत प्रत्येक पलटणीला, प्रत्येक तोफखान्याला स्वतंत्र पान, आणि दोन्हीकडे एकमेकींचे पान क्रमांक. नेपोलियनचा सेनाधिकारी बर्थिए पलटणींच्या संख्येच्या अशाच वह्या सतत अद्ययावत ठेवायचा आणि बादशहा त्या आवडीने वाचायचा, हे मला फार नंतर कळले.

वहीला खरा जीव आला तो कॉलेजात असताना. सार्वजनिक वाचनालयात सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे खंड चाळत बसायचो. जुन्या मराठी पत्रांवर लिहिल्याची तारीख बहुधा असते. पण पत्र हाती आले की घेणारा पुष्कळदा त्यावर पैवस्तीची, म्हणजे पोचल्याची तारीखही टाकी. हे लक्षात आले त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक हुकमापुढे दोन रकाने आले, रवाना आणि पैवस्ती. तोवर सेनापती बोलला की चाळीस कोसांवरची फौज लगेच वळायची. आता मधे जासूद आला, पूर आलेली नदी आली, वाट चुकणे आले.

असईची लढाई मला या दोन रकान्यांमुळेच समजली. २१ सप्टेंबरला बदनापुरात वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले, वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ला एकत्र हल्ला करायचे ठरले. २३ला शत्रू अपेक्षेपेक्षा जवळ असल्याचे वेलस्लीला कळले. त्याने वाट पाहिली नाही. केळणा नदी उतरून तिच्या आणि जुईच्या दुआबात तो भिडला. त्याची दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला.

आमच्या खेळात या दोन फौजा वेगळ्या झाल्याची बातमी शिंद्यांच्या खेळाडूला एक दिवस उशिरा मिळाली आणि तोवर तो भोकरदनकडे सरकलेला होता. 'मी असा का वागलो?' असे तो पुढे कितीदा विचारायचा. मी कीर्द उघडून दाखवायचो. त्या संध्याकाळी त्याच्या हाती एकच चिठ्ठी होती, आणि तिच्यावर विसंबून त्याने उचललेले पाऊल बरोबरच होते. निकाल माहीत झालेल्या माणसाने कीर्दीला हात लावू नये, हे मी तेव्हा ठरवले. जुनी ओळ खोडायची नाही. दुरुस्ती समासात, तारखेसह.

मित्र पुण्याला गेले, एक जर्मनीत स्थिरावला. खतावणी आता संगणकावर आहे, बेरजा तिथे सोप्या पडतात. कीर्द मात्र अजून हातानेच लिहितो. जर्मनीहून मोबाईलवर हुकूम क्षणात येतो, मी तो घोडेस्वाराच्या वेगाने पुढे देतो, आणि समोरचा खेळाडू दोन-दोन आठवडे तक्रार न करता थांबतो.

लांबची मोहीम सुरू करणाऱ्यांना माझे सांगणे आहे: पहिल्याच दिवशी वह्या दोन करा, आणि प्रत्येक हुकमापुढे दोन तारखांची जागा सोडा.