दारची मोटार आणि दूरचे गिऱ्हाईक

वस्तू जुनी झाली की तिची किंमत उतरते, हा बाजाराचा सामान्य नियम होय. परंतु काही वस्तू इतक्या जुन्या होतात की उतरलेली किंमत पुन्हा चढू लागते. गोमंतकातील कित्येक घरांच्या आवारात झाकून ठेवलेल्या जर्मन मोटारी या दुसऱ्या वर्गातील आहेत. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकात, भारताची आर्थिक नाकेबंदी चालू असता, मुरगाव बंदरात युरोपचा माल उतरतच होता. त्याबरोबर फोक्सवॅगन, ओपेल, मर्सिडीज या मोटारीही आल्या. त्यांनी डॉक्टरांना रोग्यांच्या दारी नेले, वऱ्हाडे वाहिली आणि मंगेशी-म्हार्दोळच्या जत्रांना पिढ्यान् पिढ्या पोचविल्या. आज त्यांच्याविषयी परदेशांतून पृच्छा येतात, आणि मग मंडळी आमच्यासारख्या वकिलांकडे येतात.

काही वर्षांपूर्वी फोंड्याकडील एक गृहस्थ असेच आले. त्यांच्या दिवंगत वडिलांची १९५६ सालची फोक्सवॅगन होती. तिची पाठीमागील काच अंडाकृती. अशी काच १९५३ ते १९५७ या अल्प काळातील गाड्यांनाच असल्यामुळे शौकिनांना तिचे मोठे अप्रूप. परदेशस्थ गिऱ्हाइकाने गाडी न पाहताच सौदा मान्य केला होता. तो ठरलेल्या किमतीहून अधिक रकमेचा धनादेश पाठविणार होता, आणि वरची रक्कम आमच्या पक्षकाराने गाडी न्यावयास येणाऱ्या दलालाकडे भरावी, एवढीच त्याची विनंती होती.

“वकीलबाब, किती सज्जन मनुष्य! भावसुद्धा केला नाही,” ते म्हणाले.

आम्हांला नेमकी त्या सौजन्याचीच भीती वाटली. परदेशी धनादेश बँकेने खात्यावर जमा दाखविला म्हणजे तो वटला असे नव्हे. कित्येक आठवड्यांनी तो खोटा ठरून परत येतो. तोवर वरची रक्कम दलालाच्या खिशात गेलेली असते, आणि कधी कधी गाडीही. पैसे भरल्याच्या पावतीचे छायाचित्र धाडणे हा त्याच कपटाचा नवा अवतार. आम्ही उत्तर लिहविले की, नेमकी ठरलेली रक्कम बँकेमार्फतच पाठवावी. त्यानंतर त्या सज्जनाचे एक अक्षरही आले नाही.

आमचे पक्षकार खट्टू झाले. सर्वांकडे संशयाने पाहू लागलो तर व्यवहार व्हायचा कसा, असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांना देवस्थानच्या तिजोरीची आठवण दिली. अनेक ठिकाणी तिला एकाहून अधिक किल्ल्या असतात आणि त्या निरनिराळ्या हाती असतात. म्हणून महाजन परस्परांना चोर समजतात काय? उलट, त्या किल्ल्यांमुळेच कोणी कोणाकडे संशयाने पाहण्याचा प्रसंग येत नाही. सावधगिरी ही अविश्वासाची खूण नसून विश्वासाचे कुंपण आहे.

पुढे जर्मनीतील दुसरे गिऱ्हाईक आले, तेव्हा आम्ही या किल्ल्या एकेक करून लावल्या. पहिली मालकीची. गाडी वडिलांच्या नावावर. पण आमच्याकडील कौटुंबिक कायद्यानुसार पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते, म्हणून निम्मी गाडी आईचीच होती. उरलेल्या निम्म्यात बेळगावी दिलेली बहीण आणि लिस्बनला स्थायिक झालेला भाऊ वाटेकरी. विशेष नोटरीपुढे वारसांचा दस्त झाला. भावाचे मुखत्यारपत्र तिकडील अपोस्टिल शिक्क्यासह आले, आणि पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांकशुल्क भरले.

दुसरी किल्ली सरकारी नियमांची. १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध आहेत. ही गाडी त्यांतून सुटली. निर्यातीचा संकेतांक असलेल्या व्यापाऱ्यामार्फत सीमाशुल्काची कागदपत्रे केली.

तिसरी किल्ली सत्याची. युरोपीय संघात तीस वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतील आणि उत्पादन थांबलेल्या प्रकारची मोटार संग्राह्य वस्तू म्हणून आयातशुल्कातून सुटते. या गाडीचे इंजिन मध्यंतरी बदललेले होते. ते आम्ही क्रमांकासह बीजकात स्पष्ट लिहिले. गिऱ्हाइकाने बीजकात किंमत थोडी कमी दाखविण्याचे सुचविले. तो दोन्ही देशांच्या कायद्यांचा भंग ठरला असता, म्हणून आम्ही नम्रपणे नकार दिला.

चौथी किल्ली पैशाची. किंमत मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क १९३० च्या माल विक्री अधिनियमाने विक्रेत्याला दिला आहे. पण तो मुख्यतः ताब्यावर उभा आहे. म्हणून रक्कम खात्यावर कायमची जमा झाल्याचे बँकेने लेखी कळविल्यावरच गाडी हलविली. रक्कम फार मोठी असल्यास बँकेचे पतपत्र घ्यावे, आणि पैसे मिळेपर्यंत बोटीचे बिल ऑफ लेडिंग हातचे सोडू नये. ज्याच्या हाती ते, त्याच्या हाती माल.

या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट मात्र कायद्याच्या पुस्तकाबाहेरची घडली. दस्तावर आईची सही लागते असे कळेपर्यंत त्या माउलीला कोणी काही विचारलेच नव्हते. नव्वदीला टेकलेल्या त्या बाई याच गाडीतून नवी नवरी म्हणून घरी आल्या होत्या. सही करण्यापूर्वी त्यांनी एवढेच विचारले, “तो मनुष्य गाडी चालवणार, की नुसती झाकून ठेवणार?” मुलापाशी उत्तर नव्हते. आम्ही जर्मनीला पत्र लिहिले. दर रविवारी चालवीन, असे उत्तर आले. ते ऐकून त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरांत सही केली.

परक्याच्या कपटापासून सुटका व्हावी म्हणून आपण इतके कागद जमवितो. त्यांपैकी एखादा कागद घरातल्याच माणसाचा विसरलेला अधिकार त्याला परत देतो. तेवढ्यासाठीसुद्धा सौदा घाईने करू नये.