परसदारची खोली

आमच्या घरी 'क्षय' हा शब्द कुणी उच्चारीत नसे. धाकट्या काकांना छातीचे दुखणे झाले आहे, एवढेच बोलले जाई. १९६० साली त्यांची खाट परसदारच्या खोलीत गेली, ताट-तांब्या वेगळा झाला आणि मधले दार आजोबांनी लावून घेतले. मी सात वर्षांचा होतो. दारापलीकडचा खोकला ऐकत मी पाढे म्हणत असे.

पुढे आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले. रॉबर्ट कॉखने १८८२ साली बर्लिनमध्ये ओळखून दाखविलेला तो काडीसारखा जंतू मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला. त्याची खरी करणी मात्र उतारवयातल्या वाचनातून उमगली. फुप्फुसात शिरलेल्या जंतूला भक्षक पेशी गिळते. तो पचत नाही. ज्या पिशवीत कोंडला जातो तिचेच आवरण आपल्या प्रथिनांनी भेदतो. धोका ओळखून पेशी स्वतःच्याच आवरणाला छिद्रे पाडते आणि फुटते. फुटताना दाह पेटविणारी द्रव्ये बाहेर सांडतात. मदतीला धावलेल्या पेशींतच सुटलेले जंतू नवा आसरा शोधतात. मग शरीर भोवती पेशींची भिंत रचते. आत चक्क्यासारखा मृत गर साचतो. भिंत टिकली तर माणूस जन्मभर धडधाकट राहू शकतो. ढासळली तर फुप्फुसात पोकळी पडते. फुप्फुस एकटा जंतू पोखरीत नाही; आपले रक्षकही त्याला हातभार लावतात.

हे वाचताना मला ते लावलेले दार आठवले. आजोबा निर्दय नव्हते. घरात आम्ही सात मुले होतो. पण मद्रासच्या संशोधकांनी १९५९ सालीच दाखवून दिले होते की, औषधे नियमित घेणारा रोगी घरी राहूनही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांचा धोका वाढत नाही. काका तर गोळ्या आणि सुया कधी चुकवीत नव्हते. ही वार्ता आमच्या गावापर्यंत पोचलीच नाही.

काका बरे झाले. दार उघडले. पण पंगत बसली की ते आपले ताट उचलून परसदारी जात. तशी वीस वर्षे गेली. "काका, इथे बसा," एवढे तीन शब्द मी कधी म्हटले नाहीत.