मोहोळ ते विजापूर, एक तिकीट

सकाळी सात वाजता मोहोळच्या स्टँडवर सोलापूरच्या एसटीत बसले. कंडक्टरने विचारले, "किती?" मी म्हटले, "एक, सोलापूर." त्याने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिले, मागच्या रांगेकडे पाहिले आणि पुन्हा विचारले, "एकच ना मावशी?" महिला सन्मान योजनेचे अर्धे तिकीट त्याने हातात दिले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कुणाचेही काम नसताना, केवळ पाहायला जायचे म्हणून काढलेले ते माझे पहिले तिकीट होते.

प्रवास मी पुष्कळ केला आहे. बाळंतपणाला माहेरी गेले, नणंदेच्या शादीला गेले, मय्यतींना गेले. मुलांचे अब्बा आजारी होते तेव्हा सोलापूरच्या दवाखान्याच्या इतक्या फेऱ्या झाल्या की लांबोटीचा चिवडा विकणारी पोरेही ओळखू लागली होती. आपल्या घरातल्या बहुतेक बायकांचा प्रवास असाच असतो. जायचे ते कुणाच्या तरी सुखाला किंवा दुःखाला. जाऊन नुसते पाहायचे, हे आपल्यासाठी नसते असे आपणच धरून चालतो.

शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. आदिलशाहीचा धडा दर वर्षी यायचा. मोहोळहून जेमतेम एकशे पस्तीस किलोमीटरवर असलेले विजापूर मात्र मी पाहिलेले नव्हते. मुलांचे अब्बा म्हणायचे, रिटायर झालो की जाऊ. ते चार वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. या हिवाळ्यात मी घरात सांगितले, मी दोन दिवस विजापूरला जाणार आहे.

मुलगा म्हणाला, "अम्मी, अकेले कायकू? उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे मिळून जाऊ." असे गेली तीन वर्षे ठरत होते. सून काही बोलली नाही, तिने माझ्या फोनमध्ये माझे लोकेशन तिला दिसेल अशी सोय करून दिली. भाईजानचा मात्र फोन आला. त्यांचा प्रश्न सरळ होता, "महरमशिवाय कशी जाणार?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. आपल्या भागातले बहुतेक लोक हनफी आहेत. हनफी फिक्हप्रमाणे साधारण सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोमीटरच्या पुढची वाट सफर ठरते. तिथून पुढे चार रकात फर्ज नमाज दोन रकात होते आणि त्याच अंतरापासून बाईसोबत महरम असावा असे सांगितले जाते. मी ओळखीच्या एका बुजुर्ग मौलानांना विचारले. त्यांनी आपला मसला स्पष्ट सांगितला आणि दुसरी बाजूही सांगितली. फर्ज हजसाठी भरवशाच्या बायकांची सोबत पुरेशी आहे, असे शाफई आणि मालिकी उलेमा मानतात. आजचे काही उलेमा रस्ता सुरक्षित आहे का, यावर अधिक भर देतात. त्यांनी अदी बिन हातिम (रजि.) यांची हदीस सांगितली. हीरा शहरातून एकटी स्त्री उंटावर निघून काबागृहापर्यंत येईल आणि तिला अल्लाहशिवाय कुणाचे भय नसेल, असा काळ येणार असल्याचे हुजूर (स.) यांनी सांगितले होते, आणि अदींनी तो काळ स्वतः पाहिला. या हदीसचा अर्थ उलेमा वेगवेगळा लावतात, हेही मौलानांनी सांगितले.

आपल्या देशातून २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरील बायका चार किंवा अधिक जणींच्या गटाने महरमशिवाय हजला जाऊ लागल्या, हे आपण पाहिलेच आहे. मी इथे फतवा देत नाही, ते माझे काम नाही. सगळे ऐकून, इस्तिखारा करून मी माझ्यापुरता निर्णय घेतला. ज्या बहिणीचे मन याला तयार नसेल तिने चारचौघींसह जावे. पण जावे.

सोलापूरहून विजापूरला कर्नाटक एसटीच्या गाड्या मिळतात, होटगीमार्गे रेल्वेही आहे. मी बस घेतली. कंडक्टरने आधार कार्ड मागितले. कर्नाटकात जून २०२३ पासून तिथल्या रहिवासी बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. माझ्या कार्डावरचा मोहोळचा पत्ता वाचून तो हसला आणि त्याने पूर्ण तिकीट काढले. मंद्रूप गेले, टाकळी गेली, भीमा ओलांडली की पाट्या कन्नड होतात. झळकीला गाडी थांबली तेव्हा मागच्या सीटवरच्या दोघी दखनीत बोलत होत्या. "नक्को", "कायकू", "हौ" ऐकले आणि परक्या मुलखात आल्याची भीती निम्मी झाली.

उरलेली निम्मी लॉजवर भेटली. स्टँडजवळच्या एका लॉजच्या काउंटरवरच्या माणसाने विचारले, "सोबत कोण?" मी म्हटले, कुणी नाही. त्याने रजिस्टर मिटले आणि खोली शिल्लक नाही म्हणाला. माझ्यामागून आलेल्या दोन पुरुषांना माझ्यादेखत किल्ली मिळाली. मी बॅग उचलून बाहेर आले. पाय थरथरत होते. क्षणभर वाटले, परतीची गाडी धरावी. मग शेजारच्या औषधाच्या दुकानात बसलेल्या बाईंना विचारले. त्यांनी दुसरे ठिकाण दाखवले आणि फोन करून सांगितलेही. तिथे खोली मिळाली. दार लावून कडी दोनदा तपासली आणि जोहरच्या दोन रकात फर्ज पढले. मुसाफिराची नमाज आखूड असते, पण त्या दिवशीचा सजदा माझा लांबला.

दुपारी रिक्षा ठरवून जामा मशिदीत गेले. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहाने ही मशीद बांधायला घेतली. आत फरशीवर एकेका नमाजीसाठी मुसल्ल्याच्या आकाराच्या चौकटी आखल्या आहेत, दोन हजारांहून जास्त. मिहराबवर सोनेरी आणि रंगीत काम आहे, ते १६३६ मधले. अंगणाच्या कडेला बसून मी कमानींकडे पाहत राहिले. घाई करणारे कुणी नव्हते. शाळेच्या सहलीत मुले मोजण्यात निम्मा वेळ जातो, शादीला आलो की भेटीगाठीत. एका जागी अर्धा तास नुसते बसणे मला किती वर्षांत जमले नव्हते, ते तेव्हा कळले.

तिथून आसार महाल. हुजूर (स.) यांचे मू-ए-मुबारक इथे जतन केलेले आहेत असे मानतात. रिक्षावाला आधीच म्हणाला, "अम्मा, अंदर औरतां को नै छोडते." मी समोरच्या हौदाच्या काठी उभी राहून दरूद पढले आणि वळले. वाईट वाटले. एवढे अंतर येऊन दार पुरुषांपुरतेच उघडे असावे याचे वाईट वाटले, ते लपवत नाही.

मग चांद बावडी पाहिली. नाव चांदबीबीचे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ही मुलगी पहिल्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा आपला सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेला. ज्या किल्ल्यावरून आपण दर आठवड्याला बाजारहाटाला जातो तो एकेकाळी एका मुलीबरोबर विजापूरला गेला होता! १५७९ ची ही बावडी, शहराची वस्ती वाढली म्हणून पाण्यासाठी बांधलेली. पुढच्याच वर्षी नवरा मारला गेला. चांदबीबीने लहानग्या इब्राहिमच्या नावाने कारभार सांभाळला, नंतर माहेरी जाऊन १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला. १६०० मध्ये तिथेच तिचा अंत झाला. मी मुलांना हे सगळे सनावळीसकट शिकवले होते. पण त्या पाण्याकडे पाहताना पहिल्यांदा मनात आले, की विधवा झाली तेव्हा ती फक्त तिशीची होती.

रात्री खोलीत नानी आठवली. ती जाते फिरवताना दखनीत काही गुणगुणायची, त्यात अल्लाहचे आणि पिरांचे नाव असायचे. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने १९७८ च्या आपल्या विजापूरच्या सूफींवरील पुस्तकात अशा चक्कीनाम्यांबद्दल आणि चरखानाम्यांबद्दल लिहिले आहे. दळताना, सूत कातताना बायकांना म्हणता यावे म्हणून सूफींच्या परंपरेत ही साधी दखनी गाणी रचली गेली. जात्यावरच्या आपल्या मराठी ओव्यांच्या त्या जणू बहिणी. नानी कधी विजापूरला आली नाही. विजापूर तिच्या जात्यापर्यंत आले होते.

दुसऱ्या दिवशी दार उघडताच गोल घुमट गाठला. शाळांच्या सहली येण्याआधी जावे, नाहीतर आत नुसता कल्ला ऐकू येतो. मुहम्मद आदिलशहाचा हा मकबरा. तो १६५६ मध्ये वारला. आतून घुमटाचा व्यास सुमारे अडतीस मीटर आणि मध्ये एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी सगळा भार पेलला आहे. कोपऱ्याच्या मनोऱ्यातून सात मजले चढून वरच्या सज्जात जावे लागते. जिना अरुंद, पायऱ्या उंच. माझे गुडघे कुरकुरत होते. प्रत्येक मजल्यावर थांबले, खिडकीतून वारा घेतला, पाणी प्यायले. मागून येणाऱ्या पोरांना म्हटले, जा बाबांनो पुढे. एकटीचा हाच फायदा, आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होत नाही.

तोटा वर गेल्यावर कळला. भिंतीशी कुजबुजले की समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते, हीच तर इथली ख्याती. पण समोर ऐकायला कुणीतरी हवे! पलीकडे माझ्याच वयाच्या एक बाई नातवंडांसह बसल्या होत्या, इरकल नेसलेल्या. मी हाताने खूण केली. त्यांनी भिंतीला कान लावला. मी हळूच म्हटले, "सुनाई देता क्या?" त्या हसल्या आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. शब्द कळला नाही, आवाज मात्र कानाशी बोलल्यासारखा आला. खाली उतरताना आम्ही दोघी कठड्याला धरून बरोबरच उतरलो.

तिथून शहराच्या पश्चिम टोकाला. वाटेत मुलुखमैदान तोफ. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली आणि आपल्या बार्शीजवळच्या परंड्याच्या किल्ल्यातून इथे आणली. त्याच बाजूला ताज बावडी. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या ताज सुलताना बेगमच्या नावाची, १६२० ची. मोठी कमान, दोन्ही अंगांना बुरूज, खाली हिरवट पाणी. या बावडीच्या दोन्ही बाजूंच्या इमारती मुसाफिरांच्या मुक्कामासाठी होत्या. हे समजले आणि मला आदल्या दिवशीचे मिटलेले रजिस्टर आठवले. चारशे वर्षांपूर्वी या शहराने एका बाईच्या नावाने वाटसरूंना छप्पर दिले होते. शहराच्या दक्षिणेला १६५१ चा बेगम तलावही आहे, तो जहान बेगमच्या आठवणीत बांधलेला. तोफा आणि बुरूज पुरुषांच्या नावाने आहेत, पाणी मात्र चांद, ताज आणि जहान यांच्या नावाने.

शेवटी इब्राहिम रोजा. हा आधी ताज सुलतानासाठीच बांधायला घेतला होता. बादशहा स्वतः आधी गेला आणि तोही इथेच दफन झाला. भिंतींवर दगडात कोरलेली अरबी अक्षरे आणि नक्षीच्या जाळ्या. फातिहा पढताना मुलांच्या अब्बांचे नाव आपोआप तोंडात आले. इथे त्यांनी यायला हवे होते. पण त्यांच्यासाठी थांबले असते तर मीही आले नसते.

या शहरातल्या आणखी एका बाईबद्दल सांगते. मुहम्मद आदिलशहाची बेगम खदीजा सुलताना, गोवळकोंड्याची मुलगी. रुस्तमी या शायराकडून दखनीतले मोठे काव्य 'खावरनामा' तिने लिहवून घेतले. नवरा वारल्यानंतर ती समुद्रमार्गे हजला गेली, १६६१ च्या सुमारास, डच जहाजातून. लोक तिला बडी साहिबा म्हणत. बरोबर लवाजमा होता, ती काही माझ्यासारखी एकटी नव्हती. तरीही एक विधवा मागे न पाहता समुद्रावर निघाली, हे आपल्या मुलींना माहीत असावे.

ज्यांना निघायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. खोली निघण्याआधीच फोनवर ठरवा आणि एकटी येणार आहे हे स्पष्ट सांगा. नकार यायचा तर घरी बसून यावा. उजेड असताना पोहोचा. रिक्षा दिवसभरासाठी ठरवा, नंबर घरी कळवा. आधार, औषधे, मुसल्ला आणि मऊ तळव्याच्या चपला बरोबर ठेवा. अडचण आली तर आधी एखाद्या बाईला विचारा.

इशाच्या सुमारास मोहोळला उतरले. मुलगा स्टँडवर आला होता. "कैसा था?" एवढेच त्याने विचारले आणि बॅग घेतली. भाईजानचा फोन दोन दिवसांनी आला. त्यांचे मत बदललेले नाही, पण घुमटात खरेच सात वेळा आवाज घुमतो का, हे त्यांनी विचारून घेतले.

शेजारच्या आपा, त्याही एकट्याच आहेत, आता बिदरला चल म्हणून मागे लागल्या आहेत. मी हो म्हटले आहे. एकच अट घातली आहे, आपले तिकीट ज्याचे त्याने काढायचे.