जाग असलेली रात्र

रात्रीचे सव्वानऊ. मोबाइल वाजतो. ‘अगं, कुठे आहेस?’ पलीकडून आई.

वर्षातले तीनशे साठ दिवस या प्रश्नाचं उत्तर जरा जपून द्यावं लागतं. ऑफिसात आहे म्हटलं, तर ‘अजून?’ मैत्रिणीकडे आहे म्हटलं, तर ‘कुठल्या?’ आणि कोरेगाव पार्कात आहे म्हटलं, तर नुसती शांतता. ही शांतता सगळ्यात महाग पडते! पण डिसेंबरातले पाच दिवस माझ्याकडे एक पासवर्ड असतो.

‘आई, सवाईला आहे.’

‘हो का? बरं बरं. सावकाश ये. शाल आहे ना?’

बस्स, विषय संपला. आता सांगा, मुलगी तीच, शहर तेच, घड्याळात वाजलेतही तेवढेच. मग एक रात्र आईला चालते आणि दुसरी चालत नाही, ते कशामुळे? ‘पुण्यात नाइटलाइफच नाही यार’ हे रडगाणं आपण सगळेच गातो. म्हणून ठरवलं, थंडीतला एक अख्खा आठवडा रात्रीचं पुणं बघायचं. २०२४ चा डिसेंबर, बुधवार १८ पासून नाताळपर्यंत. सोबत एक शाल, एक पॉवर बँक आणि आईचे फोन.

बुधवार : दहाच्या ठोक्याला

मुकुंदनगरातलं महाराष्ट्रीय मंडळाचं मैदान. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा पहिला दिवस. मांडवात नेहमीचा सीन. पुढे सोफे, मागे खुर्च्या, मधे भारतीय बैठक. कडेला खाण्याचे स्टॉल, तिथे वडा खाता खाता ‘यंदा आवाज लागला नाही बरं का’ असा निकाल देणारे काका. पण हवा थोडी जड होती. उस्ताद झाकिर हुसेन जाऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. प्रभाताई अत्रे त्याच वर्षी जानेवारीत गेल्या होत्या. वर्षानुवर्षं सवाईची सांगता त्यांच्या गाण्याने व्हायची. लोक भेटले की आधी या दोघांबद्दल बोलत होते, मग एकमेकांच्या तब्येतीबद्दल.

बैठकीवर माझ्या शेजारी एक आजी होत्या. स्वेटर, कानटोपी, थर्मास, पिशवीत चकल्या. मध्यंतरात त्यांनी न विचारता माझ्या हातात चहा ठेवला आणि गप्पा सुरू झाल्या. १९५३ मध्ये भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी हा उत्सव सुरू केला, हे आपल्याला माहीत असतं. पण आजींनी तो अंगावर घेतलेला. आधी रेणुका स्वरूपच्या मैदानावर, मग रमणबागेत.

‘रात्रभर चालायचं गं. आम्ही चौघी बँकेतल्या मैत्रिणी यायचो. दोन वाजता चहा, चारला डोळ्यांवर पाणी मारायचं, उजाडल्यावर पोहे खाऊन थेट ऑफिस.’

‘घरचे काही म्हणायचे नाहीत?’

‘काय म्हणणार? रमणबागेबाहेरसुद्धा माणसं बसलेली असायची. तिकीट नसलेली रस्त्यावर, चहावाले जागे, रिक्षावाले जागे. भीती कसली? सगळ्या रस्त्याला जाग असायची.’

जाग! हा शब्द मी आठवडाभर खिशात घेऊन फिरले.

ही रात्र संपली ती कायद्याने. २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद झाले. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यापुढे नाही. मला वाटलं आजी आता नियमाला शिव्या घालतील. तर त्या म्हणाल्या, ‘नियम बरोबरच आहे. आमचे हे आजारी होते ना, तेव्हा गणपतीतल्या भिंतींनी छातीत धडधडायचं त्यांना. नियम हवाच. फक्त रात्र गेली, एवढंच.’

दहाच्या ठोक्याला तंबोरे गवसणीत गेले. हजारो माणसं एकदम रस्त्यावर. स्वारगेटची भुयारी मेट्रो सप्टेंबरातच सुरू झालेली, पण तेव्हा तीसुद्धा रात्री दहालाच झोपायची. म्हणजे गाणं संपलं आणि गाडीही गेली! मग काय, रिक्षावाल्यांशी झटापट. आजींना त्यांचा नातू न्यायला आला. मला म्हणाल्या, ‘पोचलीस की याच्या नंबरवर मिस्ड कॉल दे.’ ओळख किती? तीन तासांची.

गुरुवार : अभ्यासिकेचा चहा

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फर्ग्युसनला. पुणे पुस्तक महोत्सव चालू होता, १४ ते २२ डिसेंबर. दुसरंच वर्ष, पण गर्दी अशी की गेटवर रांग. कपल्स, बाबागाडीतली बाळं, पिशव्या भरून पुस्तकं नेणारे शिक्षक. सगळ्यात मोठा घोळका स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांपाशी. तिथे दोन मुली भेटल्या. एक लातूरकडची, एक नंदुरबारची. दोघी एमपीएससीवाल्या. ‘नाइटलाइफ बघायचीय? मग या आमच्याकडे,’ म्हणाल्या.

गेले. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड. रात्रीचे साडेअकरा. आपल्याला वाटतं पेठा नऊला झोपतात. साफ चूक! जुन्या वाड्यांच्या आणि बिल्डिंगांच्या वरच्या मजल्यांवर अभ्यासिकांच्या ट्यूबलाइट लखलखत होत्या. खुराड्याएवढ्या कप्प्यात डोकं खाली घालून बसलेली शेकडो पोरं-पोरी. खाली चहाच्या टपरीशी राज्यघटनेवर कडाक्याचा वाद. कुणाच्या हातात बिअर नाही, कुठे म्युझिक नाही. पण रस्ता मात्र टक्क जागा.

‘इथे रात्री भीती नाही वाटत?’ मी विचारलं.

‘वाटते ना. पण गावाला आठनंतर बाहेर पडायची, त्यापेक्षा कमी. इथे कोण ना कोण असतंच.’

‘कोण ना कोण’ची किंमत पेठेने एकदा पाहिलेली आहे. जून २०२३ मध्ये याच सदाशिव पेठेत एका मुलीवर दिवसाढवळ्या कोयत्याने हल्ला झाला. बघणारे बरेच होते. पण मध्ये पडून तो कोयता अडवला, तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी. म्हणजे नुसती गर्दी पुरत नाही. गर्दीतल्या कुणीतरी तुम्हाला आपलं मानावं लागतं.

आई : ‘कुठे आहेस?’ मी : ‘अभ्यासिकेत.’ आई : ‘तू?? अभ्यासिकेत??’

शुक्रवार : स्टॅम्प मनगटावर

आता नाइटलाइफ म्हटल्यावर पब आलाच. उगाच सोवळं कशाला? कल्याणीनगरातला एक पब, ऑफिसच्या ग्रुपबरोबर. मनगटावर स्टॅम्प, कॉकटेलची किंमत बघून डोळे पांढरे, डीजे मात्र एकदम सही. नाचले, खूप नाचले. आठवडाभराची डेडलाइन घामातून निघून गेली. तिथे रोज संध्याकाळी येणारी मुलं-मुली वाईट असतात असं म्हणणाऱ्यांनी एकदा सोमवार ते शुक्रवार त्यांच्या क्लायंटचे फोन घेऊन बघावेत!

आतलं काही खटकलं नाही. खटकलं ते बाहेरचं. दीडची वेळ झाली, दिवे लागले, सगळे फूटपाथवर. अ‍ॅपवरचं भाडं दुप्पट. पहिल्या कॅबवाल्याने ट्रिप कॅन्सल केली, दुसऱ्यानेही. ग्रुप पांगला. मी आणि एक मैत्रीण अशा दोघीच उरलो. समोरची दुकानं बंद, टपऱ्या हटवलेल्या, रस्ता रुंद आणि गुळगुळीत. या रस्त्यावर फक्त एकच गोष्ट होऊ शकते, ती म्हणजे गाडी जोरात जाऊ शकते.

१९ मे २०२४ च्या पहाटे याच कल्याणीनगरात एक अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या पोर्श गाडीने मोटरसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघंही गेले. तुमच्या-माझ्यासारखेच, काम करून जगणारे, रात्री मित्रांना भेटून घरी निघालेले. त्यानंतर पबवर छापे पडले, वेळा काटेकोर झाल्या. चांगलंच झालं. पण त्या फूटपाथवर वीस मिनिटं उभं राहिल्यावर वाटलं, वेळ तेवढी कडक झाली, रस्ता आहे तसाच राहिला. आत पाचशे माणसं जागी होती आणि बाहेर एकही नाही. या रात्रीला पैसा आहे, जाग नाही.

तिसरी कॅब आली. आईला फोन केला नाही. ती जागी होती, हे दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांवरून कळलं.

शनिवार-रविवार : बारा वाजेपर्यंतची लॉटरी

शनिवारी सवाईला बारापर्यंत परवानगी असते. दोन तास जास्त, पण मांडवाचा मूडच बदलतो. दहा वाजले आणि कुणी उठलंच नाही, तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर शाळेला सुट्टी मिळाल्याचा आनंद! थंडी वाढली, शाली निघाल्या, मुलं आईच्या मांडीवर झोपली. रात्रीचे राग रात्री ऐकण्यात जी मजा आहे, ती संध्याकाळी पाचला कशी येणार? आमच्या पिढीला पहाटेचा ललत रेकॉर्डिंगवर ऐकायची सवय आहे. आजींनी तो उजाडताना ऐकलाय. जेलसी म्हणतात ती हीच.

मध्येच आजूबाजूला मोजलं. माझ्या आसपास एकट्या आलेल्या सहा बायका. एक नर्स, ड्यूटी संपवून आलेली. एक कॉलेजची मुलगी, वहीत काहीतरी लिहिणारी. कुणी त्यांना ‘एकट्याच?’ असं विचारत नव्हतं. रात्री अकरा वाजता एकटी बाई काहीही न विकत घेता निवांत मांडी घालून बसलीय, अशी दुसरी जागा या शहरात दाखवा. मी तरी शोधतेय.

रविवारी दुपारी सुरू झालेली मैफल रात्री संपली. शेवटी प्रथेप्रमाणे सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लागली. खरखरत्या आवाजापुढे अख्खा मांडव चूप. मग सतरंज्या झटकल्या गेल्या आणि पुढच्या वर्षापर्यंतचा माझा पासवर्ड एक्स्पायर झाला.

मंगळवार : पंचहौद

२४ ची संध्याकाळ कॅम्पात. एमजी रोड माणसांनी फुललेला. लाल टोप्या, पिपाण्या, फुगे, खांद्यावरची पोरं. यातले अर्धेअधिक ख्रिश्चन नाहीत, आणि त्याने कुणाचंच काही अडत नाही. पुणेकराला गर्दीत चालायला निमित्त लागतं, एवढंच. दुपारीच कयानीत रांग लावून श्रूजबेरी घेऊन ठेवली होती, ती खात खात रिक्षा पकडली ती गुरुवार पेठेत.

पंचहौदाचं पवित्र नाम देवालय १८८५ चं. उंच घंटाघर लांबून दिसतं. १८९० मध्ये याच मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळींनी चहा घेतला आणि पुण्यात केवढा गहजब झाला! प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. आज त्याच आवारात मराठीत नाताळची उपासना चालते. नऊवारीतल्या आज्या, सूट घातलेली चिमुरडी, कोपऱ्यात चांदण्यांचे आकाशकंदील. मी मागे उभी होते. एका मावशींनी बाकावर सरकून जागा केली. बाहेर पडताना हातात केक आला आणि, हो, चहासुद्धा! मी प्यायले. प्रायश्चित्त घ्यायचं की नाही ते आई ठरवेल.

बाहेर पेठ जागी होती. ओट्यांवर माणसं, पोरांचं क्रिकेट, एका घरापुढे गोठ्याचा देखावा बघायला गल्लीतली सगळी जातपात. घड्याळात सव्वाबारा.

फोन वाजला. ‘कुठे आहेस?’

या वेळी पासवर्ड नव्हता. मी खरं ते सांगितलं. ‘पंचहौदापाशी. एकटी आहे, पण रस्त्याला जाग आहे.’

पलीकडे शांतता. मग, ‘बरं. रिक्षाचा नंबर कळव.’

आठ दिवसांत एवढं समजलं. दुकानं किती वाजेपर्यंत उघडी, बार किती वाजता बंद, यावर आपण तावातावाने भांडतो. भांडू या. पण रात्र सुरक्षित करतात ती माणसं. थर्मासवाल्या आजी, टपरीवाला, अभ्यासिकेतली मुलगी, बाकावर सरकणाऱ्या मावशी. आणि ही माणसं रात्री बाहेर यायची तर त्यांना परवडेल असं काहीतरी हवं, बसायला जागा हवी, घरी न्यायला गाडी हवी. दहाला झोपणारी मेट्रो २०२५ च्या जानेवारीपासून अकरापर्यंत जागायला लागली. एका तासाने काय होतं, असं म्हणू नका. आईला विचारा!

निघताय? हे लक्षात ठेवा

- सवाई डिसेंबरात, पाच दिवस. बैठकीचं तिकीट खिशाला सोपं. शाल आणि जाड आसन मस्ट.
- सवाईच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’मध्ये संगीतावरचे माहितीपट दाखवतात. प्रवेश फुकट.
- नाताळच्या संध्याकाळी एमजी रोडला गाडी नेऊ नका. चालायलाच तर जायचंय.
- शेजारी बसलेल्या आजींशी बोला. चहा मिळतोच.