काटा शून्यावर

मे महिना लागला की उजनीच्या काठावर पाण्याची मोजदाद उलटी सुरू होते. धरणाची पूर्ण साठवण सुमारे 117 टीएमसी. त्यातलं जवळपास 64 टीएमसी मृतसाठ्यात धरलेलं. म्हणजे सरकारी कागदावर शून्य टक्के लिहिलं तरी निम्म्याहून जास्त पाणी खाली असतंच, आणि त्याला हात लागला की आकडा शून्याच्या खाली घसरतो. चहाच्या टपरीवर कुणालाही विचारावं, उत्तर येतं, "मायनसमधी गेलं." 2024 च्या जूनमध्ये तो उणे साठच्या घरात पोचला होता.

याच काठावर, पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या जुन्या बुलेटच्या कपाळावरही असाच एक काटा असतो. ॲमीटर. मधोमध शून्य, एका अंगाला अधिक, दुसऱ्या अंगाला वजा. गाडी चालू करायची तर चावी फिरवून किक हळूहळू दाबत जायची. ठिणगी देणारे पॉइंट मिटलेले असतील तोवर काटा वजात झुकलेला. ते उघडले की शून्यावर. तिथं थांबायचं. इंजिनातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढून किक तसूभर पुढं न्यायची, तो सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग अंगाचं सगळं वजन टाकून एकच लाथ. जो घाई करतो त्याला गाडी उलटी लाथ मारते. पोटरीवरचा वळ दाखवत चार दिवस लंगडणारा तरुण गावात दिसला, की कुणाची बुलेट चालू होऊ घातली आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

बुलेट आता आपल्याकडं इतकी मुरली आहे की तिचं माहेर विसरायला होतं. ते इंग्लंडातलं रेडिच, सुयांसाठी नावाजलेलं गाव. सुया करणाऱ्या कारखान्यातून रॉयल एन्फिल्डच्या सायकली आल्या, 1901 मध्ये मोटारसायकल आली, 1932 मध्ये बुलेट हे नाव आलं. (आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचीही सुरुवात 1888 मध्ये बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. दोन्हीकडं यंत्राचा नाद सायकलवरूनच आला, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे.) 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. आधी विलायतेहून सुटे भाग येत आणि इथं जोडले जात, पुढं साचेही आले. मूळ ब्रिटिश कंपनी 1970 च्या सुमारास मिटली. 1977 मध्ये मद्रासनं बुलेट उलटी इंग्लंडला धाडायला सुरुवात केली. तेव्हा इकडं भीमेवर उजनीचं धरण उभं राहत होतं आणि काठची गावं सामानसुमान बांधत होती.

विलायतेची खूण या गाडीत कुठं उरली असेल, तर ती आट्यांमध्ये. सर जोसेफ व्हिटवर्थनं 1841 मध्ये नट-बोल्टच्या आट्यांचं माप बांधून दिलं: 55 अंशांचा कोन, इंचांचा हिशोब. या घराण्यातल्या पाव इंची बोल्टच्या डोक्याला पाना लागतो सुमारे 13.3 मिलिमीटरचा. म्हणजे तेराचा बसत नाही आणि चौदाचा ढिला पडतो. नवखा माणूस चौदाचा लावून जोर करतो, बोल्टचे कोपरे गोल होतात, आणि मग छन्नी-हातोडी निघते. जुन्या बुलेटवर दिसणारे निम्मे घाव अपघाताचे नसतात, चौदाच्या पान्याचे असतात.

असे इंची पाने मिळवायचे कुठून? कुणी पुण्याला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जाऊन लोखंडाचा ढीग उपसतो. पण उजनीजवळच्या माढ्याच्या माणसाला तेवढं लांब जायची गरज पडू नये. जवळच कुर्डुवाडी आहे, आणि तिथं रेल्वेचा कारखाना आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फुटी रुळांवरच्या त्या गाडीची इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीतून आली होती. व्हिटवर्थचं इंचाचं गणित मोटारसायकलीच्या कितीतरी आधी, वाफेच्या इंजिनांबरोबर या मुलखात उतरलं होतं. याच कॅलथ्रॉपनं पुढं विमानातून उडी मारायची छत्री बनवली, आणि दुसऱ्या महायुद्धात रॉयल एन्फिल्डची सव्वाशे सीसीची 'फ्लाइंग फ्ली' छत्रीला बांधूनच आभाळातून सोडत असत. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काठावरचा हौशी मेकॅनिक कुठल्या शाळेत हे शिकलेला नसतो. त्याची शाळा म्हणजे पाणी उपसणारं इंजिन. खडकीला 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. तिचं एव्ही-1 हे पाच अश्वशक्तीचं एकसिलिंडरी डिझेल इंजिन मूळच्या ब्रिटिश पेटरच्या घडणीचं. त्याचा बोअर 80 मिलिमीटर, स्ट्रोक 110. साडेतीनशेच्या बुलेटचा बोअर 70, स्ट्रोक 90. दोन्ही उभी, एकेकटी, लांब दमाची. ज्यानं विहिरीवर बापाच्या हाताखाली असं इंजिन खोललं आहे, त्याला बुलेटचं हेड उतरवताना परकं काही वाटत नाही. फरक एवढाच, की डिझेलला प्लग नसतो आणि बुलेटला सगळी नाटकं प्लगचीच.

वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा पिस्टन सिलिंडरला चिकटलेला असतो. गंजानं रिंगा धरून ठेवलेल्या असतात. प्लगच्या भोकातून डिझेल ओतायचं आणि चार-आठ दिवस तिकडं फिरकायचं नाही. हीच सर्वांत अवघड पायरी. मग लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकायचं. पिस्टन हलला तर तो आवाज हातोडीत आधी जाणवतो, कानाला नंतर. सिलिंडर लेथवाल्याकडं जातो. तो "थाऊ"त बोलतो, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात: दहा थाऊ, वीस, तीस, चाळीस. त्यापुढं बोअर वाढवायला जागा नसते, नवी स्लीव्ह ठोकावी लागते. गाडीनं किती आयुष्य काढलं हे आरसी बुकापेक्षा लेथवाला अचूक सांगतो. टॅपेटला मात्र मापाची पट्टीही लागत नाही. इंजिन गार असताना पुशरॉड दोन बोटांत गरगर फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये. बोटांनी जमतं ते बोटांनीच करावं, अशी या यंत्राची धारणा आहे.

अवघड प्रश्न इंजिनाचा नसतो. तो नंतर येतो: गाडी 'मूळ' करायची म्हणजे कुठवर? जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' ठरते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नोंदणीचं शुल्क वीस हजार. आणि रोजच्या कामाला ती रस्त्यावर काढायची नाही. कागदावर हे ठीक आहे. पण इथल्या गाडीला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवायचे आकडे असतात. मागच्या कॅरिअरवर उसाच्या वाढ्यांचे भारे वाहून पडलेला वाक असतो. टाकीवरच्या, मद्रासला हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा गुडघ्यांनी पुसलेल्या असतात. हे सगळं घासून काढून क्रोमचा आरसा केला, तर गाडी कारखान्यातून निघाल्याच्या दिवशी परत जाते, आणि मधली सगळी वर्षं भंगारात. हौशी लोकांत या मुद्द्यावर भांडणं होतात. प्रस्तुत लेखकाचं मत किटल्यांच्या आकड्यांच्या बाजूनं आहे.

धरणाचं पाणी उतरतं तेव्हा इथं जुन्या खुणांची हीच किंमत दिसते. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर बाहेर येतं, कुगावच्या बाजूला इनामदारांच्या वाड्याच्या भिंती येतात. लोक मुलाबाळांना घेऊन बघायला जातात. कोणी मंदिराच्या दगडांवरचा गाळ खरवडत बसत नाही. म्हातारी माणसं मात्र भेगाळलेल्या जमिनीकडं बोट दाखवून "हितं आमचा उंबरा" म्हणतात, आणि तिथं उंबरा नसतो.

शेडमध्ये कार्बोरेटरचे पितळी भाग चिंचेच्या कोळातून निघून जागेवर बसले आहेत. हेडचं पॅकिंग बसलं आहे. बॅटरी जोडली आहे. चावी फिरवली की काटा वजात जातो आणि तिथं थरथरतो. जमलेल्या पोरांपैकी एक विचारतो, "आबा, आज मारायची का किक?" पण सकाळीच निरोप आला आहे: पाणी आणखी मागं सरकलं, मोटार कोरडी पडायला आली, पाइप वाढवून त्याच्या टोकाची झडप, म्हणजे फुटबॉल, चिखलातून पुढं न्यावा लागणार. आबा चावी काढून खिशात टाकतात, गोणपाटावरचे पाने गोळा करून पिशवीत भरतात. तेराचा, चौदाचा, आणि चुकून त्यांच्यात मिसळलेला पाव इंची व्हिटवर्थही. तो तेवढा परत काढून टाकीवर ठेवतात आणि पाण्याच्या दिशेनं चालू लागतात.