दे दान, सुटे गिऱ्हाण

विळीवर काकडी चिरणे ही काही लिहिण्याजोगी गोष्ट नव्हे, असे तुम्ही म्हणाल. पण आमच्या घरात एका काकडीने चार वर्षे राज्य केले आणि त्यात माझाच हात होता, म्हणून लिहिते.

1995 ची दिवाळी. 23 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सूर्यग्रहण. उत्तरेकडे ते खग्रास होते, आमच्याकडे खंडग्रास. पण केदारखेड्यात आमच्या आत्याबाईंना (सासूबाईंना आम्ही आत्याबाईच म्हणतो) खग्रास काय नि खंडग्रास काय! पाण्यावर, दुधावर, लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तुळशीची पाने पडली. धाकटी जाऊ पाचव्या महिन्यात होती. तिला आतल्या खोलीत बसवून सांगितले, हलायचे नाही, चिरायचे नाही, खायचे नाही. थोड्या वेळाने मी स्वयंपाकघराच्या दाराशी आले, तर ही बया विळी घेऊन बसलेली, आणि काकडी चिरून मिठाशी खाते आहे! भूक लागली असणार, दुसरं काय. मला पाहून ओशाळवाणी हसली. मीही हसले.

तेव्हा हसले होते, हे मुद्दाम सांगते.

होळीच्या सुमारास तिला मुलगी झाली. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. सुईण गप्प, आत्याबाई गप्प. मग बारा दिवस एकच प्रश्न, हिने गिऱ्हाणात काय केलं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "विळी धरली होती. मी पाहिलं."

का सांगितलं? धाकटी म्हणून तिचे लाड होत, ते मला खुपत असे. सांगताना क्षणभर बरे वाटले, हेही कबूल करते. मात्र त्या एका वाक्याने तिचे काय झाले ते पुढे चार वर्षे डोळ्यांनी पाहिले. लग्नकार्यात तिला पुढे येऊ देत नसत. पोरीला गावातली मुले 'फाटकी' म्हणत. जाऊ कुणाला उलटून बोलली नाही, कारण तिचा स्वतःचाच त्या विळीवर विश्वास बसला होता. मला ती एका शब्दाने बोलली असती तर सोपे झाले असते.

1998 च्या पावसाळ्यात माझ्या छातीत गाठ निघाली. मुंबईला टाटा हॉस्पिटलात गेलो. एक स्तन काढला, मग सलाइनमधून औषधे, मग शेक. केस गेले, तोंडाची चव गेली. आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहत होतो. तिथे सगळे एकाच नावेतले, त्यामुळे कुणी कुणाची कीव करत नसे. रात्री मात्र झोप लागायची नाही. वाटायचे, हा त्या पोरीचा तळतळाट. आणि तिकडे केदारखेड्यात माझी दोन्ही मुले तीच जाऊ सांभाळत होती. हे गावी जाऊन आले की तिने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचे पीठ घेऊन येत. ती चटणी माझ्या घशाखाली उतरत नसे, आणि ते काही केवळ औषधामुळे नव्हे.

धर्मशाळेतच मी राजूरच्या गणपतीला बोलले, बरी झाले तर अंगारकीला अनवाणी येईन. आणि धर्मशाळेतच शेजारच्या खाटेवरच्या वैजापूरकडच्या बाईने मला दीक्षित डॉक्टरांबद्दल सांगितले. तिच्या भाच्याचा ओठ त्यांनी शिवला होता, एक पैसा न घेता.

डॉ. शरदकुमार दीक्षित हे नाव आमच्या मराठवाड्यात पुष्कळांना ठाऊक आहे. मूळचे पंढरपूरचे, जन्म 1930 चा. अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाले. 1968 पासून त्यांनी सुट्टी काढून भारतात यायला आणि गरिबांच्या फुकट शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. 1978 मध्ये मोटार अपघात झाला आणि चाकाची खुर्ची नशिबी आली. पुढे स्वरयंत्राचा कर्करोग झाला, स्वरयंत्रच काढावे लागले. वर हृदयविकाराचे झटके. इतके झाल्यावर माणूस काय करील? घरी बसेल. हे गृहस्थ ब्रुकलिनच्या लहानशा घरात साधेपणाने राहत आणि दरवर्षी इकडे येऊन गावोगावच्या शिबिरांत दुभंगलेले ओठ, मिटलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण नीट करत. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

परदेशातून सेवेला येणारी माणसे आम्हाला नवीन नाहीत. जालन्याचा मिशनचा दवाखाना स्कॉटलंडच्या लोकांचा, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना पाठ असे. पण ती माणसे धडधाकट. हा माणूस स्वतःच रोगी! मला तर त्याच गोष्टीने धीर दिला. एक स्तन गेलेली बाई पोरीला घेऊन औरंगाबादपर्यंत जाऊ शकत नाही का?

त्यानंतरच्या थंडीत मी, जाऊ आणि चार वर्षांची होत आलेली पोर, अशा एस.टी.ने औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) शिबिराला गेलो. माझे केस तेव्हा पेराएवढे वाढले होते. आवारात ही गर्दी, आणि सगळी पोरे आमच्या पोरीसारखीच! पोर टकामका बघत राहिली. आपल्यासारखे आणखी कुणी असते, हे तिला ठाऊकच नव्हते. दीक्षित डॉक्टरांना आम्ही दुरूनच पाहिले. खुर्ची ढकलत आणलेली, गळ्याशी एक यंत्र धरून बोलणारे. रेडिओ नीट लागला नाही की येते तशी खरखर, आणि त्यातून शब्द.

नाव लिहून घ्यायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. गरोदरपणी काही औषध, तंबाखू, आजार, असे विचारत होत्या. जाऊ खाली मान घालून म्हणाली, "गिऱ्हाणात चिरलं होतं."

"कितवा महिना होता?"

"पाचवा."

त्यांनी पेन खाली ठेवले. "अहो, बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो आणि तिसऱ्यापर्यंत टाळू. पाचव्यात तुम्ही काही चिरलं काय नि नाही काय, तो आधीच तसा होता."

मी बोटांवर मोजले. दुसरा महिना म्हणजे नागपंचमीच्या सुमारास. त्या दिवशी तर आमच्याकडे विळी-चाकूला कुणी हातच लावत नाही!

जावेने माझ्याकडे पाहिले. बोलली नाही. पोरीच्या झग्याची गुंडी लावत राहिली.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली. टाके, सूज, रडारड, सगळे झाले. परतताना एस.टी.त पोर मांडीवर झोपली होती, तेव्हा जाऊ म्हणाली, "जाऊबाई, आत्याबाईंना तुम्ही सांगा. तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं."

टाटाच्या दारात पाय ठेवताना जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी घराच्या उंबऱ्यावर वाटली. सांगितले. सगळ्यांसमोर सांगितले, काकडी पाहून मी हसले होते हेसुद्धा. आत्याबाई म्हणाल्या, "डॉक्टरला काय कळतं." पण रात्री पोरीच्या उशाशी बराच वेळ बसल्या. ग्रहण त्यांनी मरेपर्यंत पाळले, मात्र विळीचे नाव पुन्हा काढले नाही.

नवस मी फेडला. पुढच्या अंगारकीला राजूरला अनवाणी गेले, जाऊ बरोबर होती. देवावरचा माझा विश्वास कमी झाला नाही. फक्त देव पोरीचा ओठ फाडून आईला शिक्षा करतो, हे आता पटत नाही.

मग दर थंडीत मी शिबिराला जाऊ लागले. आसपासच्या गावांतून मुले गोळा करायची, त्यांच्या आयांना धीर द्यायचा, रांगेत पाणी द्यायचे. आठवडाभर घर जाऊ बघायची. काम फार मोठे नव्हे, पण दारावर उभे राहून पटवणे कठीण. "देवाने दिलं तसं राहू द्या" म्हणणारे पुष्कळ. अशांना मी पदर सरकवून माझी सपाट बाजू दाखवत असे. लाज वाटली नाही.

2011 मध्ये दीक्षित डॉक्टर गेले. आता शिबिराची वाट पाहायलाही नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ही शस्त्रक्रिया मोफत होते, अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात विचारावे. ओठ साधारण तिसऱ्या महिन्यानंतर शिवतात, टाळू वर्षाच्या आसपास. तोवर बाळाला आडवे न पाजता बसते धरून पाजावे, ओढता येत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने थोडे थोडे द्यावे, मध्येमध्ये ढेकर काढावी. आम्ही चार वर्षे घालवली, तुम्ही घालवू नका.

आमची पोर शिकली, तिचे लग्न झाले. ओठावर बारीक रेघ आहे, सांगितल्याशिवाय कळत नाही. 2022 च्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा सहावा महिना होता. आईवडिलांपैकी कुणाला हा दोष असला तर बाळाला तो असण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून सोनोग्राफी नीट करून घेतली होती. ओठ व्यवस्थित होता. आणि योग पाहा, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, 25 ऑक्टोबरला संध्याकाळी, पुन्हा सूर्यग्रहण!

पोर म्हणाली, "मोठ्या आई, मी भाजी चिरू?"

मी म्हटलं, "खुशाल चीर."

ती आत गेली आणि विळी शोधू लागली. फडताळात नाही, मोरीत नाही, ओट्याखाली नाही. मी दाराशी उभी होते. जाऊ पाठमोरी बसून परातीत पीठ मळत होती, आणि तिच्या लुगड्याखालून विळीची पाट दिसत होती.

"मोठ्या आई, तुम्ही पाहिली का विळी?"

"नाही गं," मी म्हटलं.