एकाच पातेल्यातला शीरखुर्मा

अब्बांना मधुमेह झाल्यापासून ईदला त्यांची शीरखुर्म्याची वाटी वेगळी, फिकी असे. यंदा आम्ही साखरेऐवजी मध घालायचे ठरवले. कुरआनच्या सूरह नहलमध्ये (१६:६९) मधात लोकांसाठी शिफा असल्याचे सांगितले आहे. मग भीती कसली? डॉक्टरांनी मात्र समजावले, मधानेही रक्तातली साखर वाढते. शिफा म्हणजे हवे तितके खाणे नव्हे, हे आमच्याच ध्यानात आले नव्हते. मग २ लिटर दूध आटवले. बदाम, चारोळी घातली, खारका आणि शेवया मोजक्याच. खाली उतरवून कोमट झाल्यावर दोनच चमचे मध. ईदगाहवरून आल्यावर सगळ्यांनी तोच खाल्ला. अब्बांची वाटी अर्धीच होती, पण वेगळी नव्हती.